पक्ष्याची तहान

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेचा एक पक्षी आहे. दोन पायांवर तोललेला, डोक्यावर उंच टोपी, डोक्याला आणि चोचीला मऊ लवदार कापड चिकटवलेले, आणि समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. तो डुलत डुलत पुढे झुकतो, चोच पाण्यात बुडवतो, क्षणभर तसाच आडवा राहतो, मग एकदम सरळ होऊन पुन्हा डुलू लागतो. त्याला किल्ली द्यावी लागत नाही की सेल घालावा लागत नाही. पाणी चोचीला पोहोचते आहे तोवर रात्रंदिवस त्याचा हा क्रम चालू असतो. काम करताना डोळ्याच्या कोपऱ्यात त्याचे डुलणे असण्याची मला इतकी सवय झाली आहे की, तो थांबला तर घड्याळ बंद पडल्यासारखे चटकन जाणवते.

मागे एकदा पावसाची झड लागली असताना तो असाच थांबला. पेला भरलेला होता, चोच ओली होती, पायांजवळची आडवी सळई मोकळी होती, तरी तो ताठ उभा राहिला. माझी नऊ वर्षांची भाची तेव्हा सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. तिने टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "मावशी, त्याची तहान भागली का?"

मी तिला लगेच उत्तर दिले. ते उत्तर बरोबर होते, पण ते लगेच द्यायला नको होते, हे मला पुढच्या दहा-बारा दिवसांत कळत गेले. त्या दिवसांत आम्ही दोघींनी माझ्या कपाटातली खेळणी एकेक करून बाहेर काढली. ही सगळी त्या जातीची, जी नेहमीच्या दुकानात क्वचित दिसतात आणि खेळण्यांच्या खास दुकानांत एका वेगळ्या फळीवर मांडलेली असतात: विज्ञानाची, गमतीची, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेली. मी वीसेक वर्षे ती जमवत आले आहे आणि प्रत्येकाच्या डब्यावरचा मजकूर मला जवळजवळ पाठ होता. त्या पाठांतराचा मोह आवरला नाही तर खेळण्याचे शिकवणे सुरू होण्याआधीच संपते, असे आता माझे ठाम मत झाले आहे. शिवाय तो मजकूर अनेकदा अपुरा असतो आणि काही वेळा चक्क चुकीचा असतो.

तर पक्ष्याबद्दल मी तिला सांगितले ते असे. त्याचे डोके आणि पोट हे काचेचे दोन पोकळ गोळे आहेत आणि मान ही त्यांना जोडणारी नळी आहे. ही नळी पोटातल्या द्रवात खोलवर बुडलेली असते. द्रव म्हणजे रंगवलेले डायक्लोरोमिथेन, जे सुमारे 40 अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणून साध्या खोलीच्या उबेतही त्याची भरपूर वाफ होत असते. आत हवा नसते. द्रव आणि त्याचीच वाफ एवढेच असते. डोक्यावरच्या कापडातले पाणी सुकू लागले की डोके थंड होते, डोक्यातली वाफ निवून तिचे थेंब होतात, तिथला दाब कमी होतो, आणि पोटातल्या वाफेचा जास्तीचा दाब द्रवाला नळीतून वर ढकलतो. डोके जड झाले की पक्षी वाकतो. वाकला की नळीचे खालचे तोंड द्रवाबाहेर येते, वाफेचा बुडबुडा वर निसटतो, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, द्रव परत पोटात येतो आणि पक्षी उभा राहतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले माइल्स सलिव्हन यांना या रचनेचे पेटंट 1946 मध्ये मिळाले.

भाचीने सगळे ऐकून घेतले, मान हलवली आणि पुन्हा विचारले, "मग आता का पीत नाही?"

माझ्या तोंडावर उत्तर होते, पण मी ते गिळले. मी तिला फक्त एवढेच म्हटले की त्याच्या डोक्याला बोट लावून बघ. तिने लावले. "ओले आहे." आणि? "नुसते ओले आहे." मग आम्ही टेबलपंखा आणून पक्ष्याकडे वळवला. काही मिनिटांत नळीतली लाल रेघ वर सरकू लागली आणि पक्ष्याने पहिली मान टाकली. तिने पुन्हा बोट लावले आणि झटकन मागे घेतले, कारण डोके आता गार लागत होते. नंतर आम्ही त्याच्यावर काचेची मोठी बरणी उपडी घातली. तो काही वेळ पीत राहिला, मग दोन झुकण्यांमधले अंतर वाढत गेले, आणि शेवटी तो पावसात थांबला होता तसाच ताठ झाला. बरणीतली हवा ओलाव्याने भरली होती आणि तिच्यात आणखी पाणी मावत नव्हते. हे वाक्य मी बोलले नाही. बरणीच्या आतल्या काचेवर धुक्यासारखे जमलेले पाणी पाहून ते तिनेच जुळवले.

त्यानंतर तिने जे केले ते मला वीस वर्षांत सुचले नव्हते. पेला बाजूला सारून, डोके टिपकागदाने कोरडे करून, तिने पक्ष्याचे पोट आपल्या दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत अलगद धरले. मुलांचे हात ऊबदार असतात. पाच-सहा सेकंदांत द्रव मानेतून सरसर वर चढला आणि पक्षी पाण्याच्या थेंबाशिवाय वाकला. "म्हणजे त्याला तहान नाहीच," ती म्हणाली, "त्याला डोके गार आणि पोट गरम हवे आहे." उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनाचे मर्म याहून कमी शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही. एक जागा गरम, दुसरी थंड, आणि त्या तफावतीतून निघणारी हालचाल: आगगाडीच्या वाफेच्या इंजिनातही हेच असते.

या पक्ष्याविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तो माझा दुसरा पक्षी आहे. पहिला टेबल पुसताना हातून निसटून फुटला आणि खोलीभर गोडसर, डोके जड करणारा वास पसरला. डायक्लोरोमिथेन श्वासावाटे जाणे चांगले नाही. खिडक्या उघडून मला बराच वेळ बाहेर बसावे लागले. ज्या डब्यातून तो आला होता त्यावर पक्षी कसा चालतो हे तीन परिच्छेदांत छापले होते, पण फुटला तर काय करावे याची एक ओळ नव्हती. काच पातळ आहे, आतला द्रव हाताला आणि नाकाला घातक आहे, हे आधी सांगणे विकणाऱ्याचे काम आहे. छोट्या पण अतिशय ताकदवान चुंबकगोळ्यांच्या बाबतीत तर हे शतपटीने खरे आहे, कारण दोन गोळ्या पोटात गेल्या तर त्या आतड्याच्या घड्या मध्ये पकडून एकमेकींना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. ती खेळणी लहान मुलांच्या घरात नसलेलीच बरी, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी रेडिओमीटर बाहेर निघाला, आणि त्याने माझी पंचाईत केली. काचेच्या बंद गोळ्यात सुईच्या टोकावर चार पाती तोललेली असतात. प्रत्येक पात्याची एक बाजू काळी, दुसरी चंदेरी. ऊन पडले की ही चौकट फिरू लागते, ऊन कडक असेल तर पाती वेगळी दिसेनाशी होतात. माझ्या डब्यावर लिहिले होते की प्रकाशाच्या दाबाने ती फिरतात, आणि मी ते भाचीला तसेच वाचून दाखवले. ती म्हणाली, "कुठल्या बाजूवर दाब पडतो?" काळी बाजू प्रकाश शोषून घेते आणि चंदेरी बाजू तो परत फेकते. भिंतीवर चिखलाचा गोळा मारला तर तो चिकटतो आणि रबरी चेंडू मारला तर उसळतो. उसळणाऱ्याचा धक्का मोठा. म्हणजे प्रकाशाचा दाब चंदेरी बाजूवर दुप्पट हवा आणि चंदेरी बाजू प्रकाशापासून मागे जायला हवी. आम्ही खिडकीतल्या क्षीण उजेडात, पाती सावकाश फिरत असताना नीट निरखले. मागे जात होती ती काळी बाजू. डब्यावरचे स्पष्टीकरण खरे असते तर खेळणे उलटे फिरायला हवे होते.

या चुकीला मोठी परंपरा आहे. विल्यम क्रुक्स यांनी 1861 मध्ये थॅलियम हे मूलद्रव्य शोधले आणि पुढे त्याचे अचूक वजन करण्यासाठी तराजू हवा काढलेल्या पेटीत ठेवला. ऊन पडले की तराजूचे पारडे हलते हे त्यांच्या लक्षात आले, आणि 1873 च्या सुमारास सुरू झालेल्या या शोधाशोधीतून रेडिओमीटर जन्माला आला. आपल्याला प्रकाशाचा दाब सापडला असे क्रुक्स यांना वाटले. पण गोळ्यातली हवा अगदी पुरती काढून घेतली तर पाती थांबतात, आणि भरपूर हवा सोडली तरी थांबतात. ती फिरतात ती उरल्यासुरल्या विरळ हवेतच. म्हणजे करामत त्या हवेची आहे. काळी बाजू जास्त तापते, पात्याच्या कडेवरून थंड बाजूकडची विरळ हवा तापलेल्या बाजूकडे सरकते आणि त्या ओघाच्या प्रतिक्रियेने पाते काळ्या बाजूने मागे रेटले जाते. हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1879 मध्ये दाखवले. तरीही प्रकरण तिथे मिटले नाही. 1924 मध्ये आइन्स्टाइन यांनीही या बलांवर एक लेख लिहिला. खिडकीत ठेवायच्या वस्तूने पन्नास वर्षे एवढ्या मोठ्या माणसांना गुंतवून ठेवले, आणि डब्यावर मात्र अजूनही 1873 ची चूक छापली जाते!

संध्याकाळी ऊन गेल्यावर भाचीने तो गोळा फ्रिजमध्ये ठेवायचे सुचवले. दार किलकिले करून आम्ही आत पाहिले. आधी काही झाले नाही, मग पाती हलली, आणि सावकाश उलट्या दिशेने फिरू लागली. काळा रंग उष्णता जशी लवकर घेतो तशी लवकर सोडतोही, त्यामुळे आता काळी बाजू जास्त थंड झाली होती. फ्रिजच्या दारात ओणवून उभे राहिलेल्या आम्हा दोघींना एकाच वेळी झालेला तो आनंद मी विसरणार नाही.

त्यानंतर मी डब्यांवरचे कागद वाचणे बंद केले आणि ठरवले की आधी खेळणे, मग प्रश्न, आणि उत्तर सर्वांत शेवटी.

न्यूटनचा झोपाळा म्हणून ओळखले जाणारे खेळणे सगळ्यांनीच पाहिलेले असते. पाच पोलादी गोळे एका ओळीत टांगलेले. एक ओढून सोडला की दुसऱ्या टोकाचा एक उडतो, दोन सोडले की दोन. ही कल्पना सतराव्या शतकातील एद्मे मारियोत यांच्या प्रयोगांत आहे, पण हे नाव देऊन ती टेबलावरची शोभेची वस्तू म्हणून 1967 मध्ये बाजारात आणली ती सायमन प्रेबल या इंग्लिश नटाने. सर्वत्र असे सांगितले जाते की, संवेग (म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) आणि ऊर्जा या दोन्ही गोष्टी अक्षय्य असल्यामुळे असे घडते. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत होते. एका रात्री, भाची झोपल्यावर, मी कागद घेऊन बसले आणि हिशेब मांडून पाहिला. येणारा गोळा आपल्या वेगाच्या तीन पंचमांश वेगाने मागे फिरला आणि बाकीचे चारही गोळे मिळून दोन पंचमांश वेगाने पुढे गेले, तरी संवेग तंतोतंत जुळतो आणि ऊर्जाही तंतोतंत जुळते. निसर्गाचे दोन्ही नियम पाळूनही गोळे वेगळे वागू शकले असते. मग ते तसे का वागत नाहीत? गोळे एकमेकांना टेकलेले दिसले तरी टक्कर एकदम सर्वांची होत नाही, ती जोडीजोडीने पुढे सरकते. पोलाद क्षणभर दबते, उसळते आणि धक्का शेजाऱ्याच्या हवाली करते. पण हा हस्तांतराचा व्यवहार पूर्ण चोख नसतो. म्हणूनच डोळे अगदी जवळ नेऊन पाहिले तर मधले तीन गोळेही पहिल्याच टकरीपासून किंचित हलताना दिसतात, आणि खेळ संपत आला की पाचही जण एकत्र, एका लयीत झुलतात. तो शेवटचा संथ झुलता काळ मला आता सर्वांत जास्त आवडतो. लोक बहुतेक त्याआधीच नजर वळवतात किंवा गोळा पुन्हा ओढून सोडतात.

स्लिंकीबद्दल, म्हणजे पायऱ्या उतरणाऱ्या त्या लांब, सैल स्प्रिंगेबद्दल, फार लिहायला नको, कारण तिची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1943 मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड जेम्स हे नौदलासाठी काम करणारे अभियंते जहाजावरची नाजूक उपकरणे स्थिर ठेवण्यासाठी स्प्रिंगा तपासत होते, त्यातली एक फळीवरून घसरली आणि पायऱ्या उतरल्यासारखी चालत गेली. त्यांच्या पत्नी बेटी यांनी शब्दकोश चाळून तिला नाव दिले. 1945 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा दीड तासात 400 नग विकले गेले. या गोष्टीत पडणारी स्प्रिंगच सगळ्यांच्या लक्षात राहते, मला मात्र बेटी जेम्स जास्त मोलाच्या वाटतात. 1960 मध्ये रिचर्ड घर आणि कारखाना सोडून बोलिव्हियाला एका धर्मपंथात निघून गेले, त्यानंतर सहा मुलांना वाढवत त्यांनी तो डबघाईला आलेला कारखाना पुढची कित्येक दशके चालवला. अपघाताने सापडलेली वस्तू पिढ्यांपिढ्या मुलांच्या हातात राहिली ती त्यांच्या कष्टामुळे.

स्लिंकी पायऱ्या उतरते हे तिचे सर्वांत मोठे आश्चर्य नव्हे. खुर्चीवर उभे राहून तिला वरच्या टोकाला धरून लोंबू द्यावे, तिची हालचाल पूर्ण थांबू द्यावी आणि मग सोडावे. वरचे टोक खाली झेपावते आणि खालचे टोक हवेत, कशाचाही आधार नसताना, जागच्या जागी थांबून राहते. वरून कोसळणारी वेटोळी त्याच्यापर्यंत पोहोचली की मगच ते पडू लागते. हे सगळे सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात आटोपते, म्हणून भाचीने ते फोनवर संथ गतीने टिपले आणि आम्ही पुन:पुन्हा पाहिले. आधार सुटल्याची बातमी खालच्या टोकाला अजून मिळालेली नसते, आणि तोवर वरची वेटोळी त्याला पूर्वीइतक्याच जोराने ओढत असतात. स्प्रिंगेतून ताणाचा बदल ज्या वेगाने खाली प्रवास करतो तो वेग इतका मंद आहे की डोळ्याला दिसतो. दगड सोडतानाही असेच होत असते, फक्त दगडातून ही बातमी क्षणार्धात पोहोचते. हे कळल्यापासून कोणतीही वस्तू हातातून सोडताना माझे लक्ष तिच्या खालच्या कडेकडे जाते.

घनकोड्याशी, म्हणजे रुबिक क्यूबशी, मात्र माझे जुने दुखणे आहे. एर्नो रुबिक यांनी ते 1974 मध्ये बुडापेस्टमध्ये बनवले, आणि स्वतः बनवलेले कोडे सोडवायला त्यांना महिन्याहून अधिक काळ लागला. त्याच्या मांडण्या 4,32,52,00,32,74,48,98,56,000 इतक्या आहेत, आणि त्यातली कोणतीही जास्तीत जास्त 20 चालींत सुटते हे 2010 मध्ये सिद्ध झाले. मी तेरा वर्षांची असताना मला ते भेट मिळाले तेव्हा सोबत उकलीचा कागद होता. मी दुपारभरात चालींची सूत्रे घोकली, संध्याकाळी सगळ्यांना सोडवून दाखवले, वाहवा मिळवली आणि आठवड्याने ते बाजूला टाकले. रुबिक यांना मिळालेला तो एक महिना मला मिळाला नाही आणि आता मिळणारही नाही, कारण घोकलेली सूत्रे हात विसरत नाहीत. भाचीला कोडे देताना मी तो कागद काढून ठेवला. ती अजून एकच बाजू पूर्ण करू शकते, आणि ती बाजू तिची स्वतःची आहे.

मग भोवरे निघाले. सर्वांत आधी उलटा होणारा भोवरा, जो दिसायला एखाद्या गोल बोंडासारखा असतो: चेंडूचा वरचा भाग कापून तिथे छोटा दांडा बसवलेला. दांड्याला चिमटीत पिळून सोडले की तो काही क्षण सरळ फिरतो, मग कलू लागतो, दांडा टेबलाला टेकतो, आणि एका झटक्यात तो दांड्यावर उभा राहून फिरत राहतो. त्याचा जड भाग खाली होता तो वर जातो. उचलून कोणीच धरलेले नाही, आणि तरी वस्तू वर चढली. हे बळ त्याच्या फिरण्यातून येते, म्हणून उलटल्यावर त्याचा वेग कमी झालेला असतो. आणि उलटवण्याचे काम करते ते टेबलाचे घर्षण, जे एरवी भोवऱ्याला थांबवण्यासाठीच बदनाम आहे. 1951 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे भौतिकशास्त्राच्या नव्या संस्थेच्या उद्घाटनाला घेतलेले एक छायाचित्र आहे, ज्यात नील्स बोर आणि वुल्फगांग पाउली जमिनीवर फिरणाऱ्या अशाच एका भोवऱ्यावर ओणवलेले दिसतात. एक पासष्टीचा, दुसरा पन्नाशीचा, दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी, दोघांच्याही नजरा त्या लाकडी तुकड्यावर खिळलेल्या. ते छायाचित्र मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावले आहे.

या भोवऱ्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, जी कित्येक वर्षे माझ्या नजरेतून सुटली होती. भाचीने त्याच्या पोटावर शाईने बाण काढला, फिरण्याची दिशा दाखवणारा. भोवरा उलटला, आणि वरून पाहता तो पूर्वीच्याच दिशेने फिरत होता. पण वस्तू उलटली असेल तर बाणही उलटला. म्हणजे बाणाच्या दृष्टीने भोवरा आता विरुद्ध दिशेने फिरत होता. खोलीच्या दृष्टीने त्याने दिशा कधीच बदलली नाही, आणि स्वतःच्या दृष्टीने ती बदलली, म्हणजे मध्ये कुठेतरी असा एक क्षण येऊन गेला जेव्हा तो स्वतःच्या दांड्याभोवती मुळीच फिरत नव्हता. हे आम्हाला समजायला एक अख्खी दुपार लागली. मी हातात लिंबू धरून ते फिरवत होते आणि ती कागदावर बाण काढत होती.

रॅटलबॅक हे त्याचेच चुलत भावंड म्हणावे लागेल. होडीच्या तळासारख्या आकाराचा एक गुळगुळीत तुकडा, पण तळाची गोलाई मुद्दाम किंचित तिरपी ठेवलेली. एका दिशेने फिरवला तर निमूटपणे फिरतो. दुसऱ्या दिशेने फिरवला तर थोडा फिरून कुरकुरतो, त्याची टोके टकटक वर-खाली आपटू लागतात, तो थांबतो आणि आपण होऊन उलटा फिरतो. फिरण्याचे रूपांतर डुलण्यात आणि डुलण्याचे पुन्हा फिरण्यात होते. भाचीने त्याला न फिरवता नुसते एक टोक बोटाने दाबून सोडले, आणि तो डुलता डुलता आपल्या आवडत्या दिशेला वळू लागला. गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाने 1890 च्या दशकात या खेळण्याचे गणित मांडले. त्यांना फेकून परत येणाऱ्या बूमरँगचाही नाद होता. हेच वॉकर 1904 मध्ये भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या दाबाच्या नोंदी तपासताना, महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला तो घटतो, हा आलटून पालटून चालणारा झोका त्यांनी ओळखला. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असताना, ज्या पावसाने आमचा पक्षी थांबवला होता, मी भाचीला हे सांगितले. एका बाजूला झुकणाऱ्या आणि मग उलट वळणाऱ्या गोष्टींकडे हा माणूस जन्मभर पाहत राहिला, असे मला त्या क्षणी फार तीव्रतेने वाटले.

सगळ्यांत जास्त वेळ घेतला तो तरंगत्या भोवऱ्याने. चुंबकाच्या पाटावर चुंबकाचाच भोवरा फिरवायचा, प्लास्टिकच्या पातळ तबकडीने तो अलगद वर उचलायचा, आणि तबकडी काढून घ्यायची. साधले तर तो हवेत काही सेंटिमीटर उंचीवर अधांतरी फिरत राहतो. स्थिर चुंबकांच्या नुसत्या मांडणीने वस्तू अशी तरंगत ठेवता येत नाही हे अर्नशॉ यांनी 1842 मध्येच सिद्ध केले होते. 1983 मध्ये रॉय हॅरिगन यांना फिरत्या भोवऱ्याचे पेटंट मिळाले, आणि तो का तरंगतो याचे बारकाईचे विवेचन मायकेल बेरी यांनी 1996 मध्ये केले. करताना मात्र सिद्धांत उपयोगी पडत नाही. भोवऱ्याचे वजन ग्रॅमच्या लहानशा अंशाने जास्त झाले तर तो खाली पडतो, कमी झाले तर उडून बाजूला जातो, म्हणून त्यावर लहान लहान कड्या चढवत-उतरवत बसावे लागते. पाट किंचितही कललेला चालत नाही. खोली तापली की चुंबकाची ताकद बदलते आणि सकाळी जमवलेले वजन दुपारी चुकते. आणि फार जोरात फिरवलेला भोवराही तरंगत नाही, हे तर आम्ही शंभरेकदा पाडून शिकलो. चौथ्या दिवशी तो तरंगला. भाचीने त्याच्या खालून कागद सरकवून पाहिला, वरून पाहिला, मग काही न बोलता श्वास रोखून बसून राहिली. हवेच्या घर्षणाने त्याचा वेग उतरेपर्यंत, मिनिट-दीड मिनिट, घरात दुसरा आवाज नव्हता.

अशा खेळण्यांच्या खास दुकानांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की त्यांनी ती डब्याबाहेर काढून ठेवावीत. बंद डब्यातला रॅटलबॅक म्हणजे प्लास्टिकचा एक नीरस तुकडा असतो. तो हाताने फिरवल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच कळत नाही. ज्या फळीवर दोन-चार नमुने मोकळे ठेवलेले असतात तिथे मी मोठ्या माणसांना पिशव्या खाली ठेवून तासभर रेंगाळताना पाहिले आहे. बटण दाबले की दिवे लागणारी, गाणे म्हणणारी खेळणी शेजारच्याच फळीवर असतात, आणि त्यांच्यापाशी मूल दोन मिनिटे थांबते, कारण बटण दाबल्यावर काय होणार हे दुसऱ्यांदा दाबण्याआधीच ठाऊक झालेले असते. पाणी पिणारा पक्षी मात्र पावसात थांबतो, पंख्यासमोर घाई करतो, बरणीखाली गुदमरतो, ओंजळीत वाकतो. त्याला खोलीतली हवा कळते.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी तो आपण होऊन सुरू झाला. भाची जाण्याच्या आदल्या दिवशी तिने पेन्सिलीने पेल्याच्या काचेवर पाण्याच्या पातळीपाशी एक बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. पक्षी पितच नसेल तर पाणी जाते कुठे, आणि किती, हे तिला मोजायचे होते. मी पेल्याला हात लावायचा नाही, पाणी भरायचे नाही, आणि रोज रात्री पातळी किती उतरली ते फोनवर सांगायचे, असे तिने बजावले आहे. पण तिला त्याच वेळी आणखी एक शंका आली, आणि तिच्यासाठी तिने पहिल्या पेल्याशेजारी तसाच दुसरा पेला तेवढेच पाणी भरून ठेवला, ज्याच्यापुढे पक्षी नाही. काल रात्री पक्ष्याच्या पेल्यातली रेघ पाण्यापासून बोटाच्या एका पेराने वर होती. दुसऱ्या पेल्यातली रेघ पाण्याला जेमतेम सुटली होती. मी दोन्ही आकडे सांगितले. पलीकडून काही वेळ पेन्सिलीचा आवाज येत राहिला, आणि मग ती म्हणाली, "मावशी, आज पाऊस होता का तिकडे?"